सुखरूप मालाचा भुर्दंड

२०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा पुतण्या युरोपातली नोकरी आटोपून कायमचा पुण्याला यायला निघाला. मंडळी विमानाने पुढे आली आणि सात वर्षांचा संसार, म्हणजे पलंग, पुस्तके, मुलीची सायकल आणि सूनबाईंनी हौसेने जमवलेली चिनी मातीची भांडी, एका कंटेनरात बसून बोटीने निघाला. वाटेत बोटीला आग लागली. दोन दिवसांनी ती विझली. मग पुतण्याच्या हाती एक पत्र पडले. त्याचा मथितार्थ असा : आपले सामान पूर्णपणे सुखरूप आहे, सबब ते ताब्यात हवे असल्यास सोबतच्या बंधपत्रावर सही करावी आणि पैशांची हमी तरी द्यावी, नाहीतर अनामत रक्कम तरी भरावी.

पुतण्याने तडक मला फोन लावला. "काका, सामान जळले असते तर पैसे मागितले हे एकवेळ समजलो असतो. सामान धड आहे म्हणतात आणि वर पैसे मागतात! ही आजकालची फसवणूक तर नव्हे?"

मला हसू आले. तो रागावला. पण त्याला कुठे ठाऊक होते, की हाच प्रश्न बत्तीस वर्षांपूर्वी मुंबईच्या इंदिरा गोदीतल्या एका शेडमध्ये एका माणसाने मला विचारला होता आणि त्या वेळी मला मुळीच हसू आले नव्हते!

माझा सारा जन्म बोटींवरच्या मालाचे नुकसान मोजण्यात गेला. डॉक्टर जसा नाडी पाहतो, तशी आम्ही सर्व्हेअर मंडळी भिजलेली पोती, चेपलेले पिंप आणि कुजकट वास मारणाऱ्या गाठी पाहतो. काय बिघडले, किती बिघडले आणि कशाने बिघडले, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून द्यायची. पहिल्या दोन प्रश्नांवर फारसे भांडण होत नाही. साऱ्या लढाया होतात त्या तिसऱ्यावर.

पुतण्याला आलेल्या पत्राचा मथळा होता 'जनरल ॲव्हरेज'. शाळेत शिकलेल्या सरासरीशी याचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. मौज अशी, की संबंध आहे आणि तो उलटा आहे. नासलेल्या मालाला अरबीत 'अवार' म्हणत. तो शब्द भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून इटलीत, फ्रान्सात फिरत इंग्रजीत आला आणि तिथे त्याचा 'ॲव्हरेज' झाला. बोटीवरचे नुकसान सर्वांनी प्रमाणात वाटून घ्यायचे, त्या वाटणीच्या हिशेबावरून पुढे गणितातली सरासरी निघाली. तेव्हा आपली मुले ज्या सरासरीच्या उदाहरणांना कंटाळतात, तिचा जन्म बुडत्या बोटीवरचा आहे, असे त्यांना खुशाल सांगावे.

मूळ तत्त्व फार जुने. त्याचे श्रेय ग्रीकांच्या ऱ्होड्स बेटावरच्या दर्यावर्दी लोकांना देतात. इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याचे जे संकलन झाले, त्यात ते नोंदलेले आहे. वादळात बोट हलकी करण्यासाठी कोणाचा माल समुद्रात फेकावा लागला, तर जे सर्वांसाठी दिले गेले ते सर्वांनी मिळून भरून द्यावे. बस, एवढेच. १८६४ साली इंग्लंडातल्या यॉर्क शहरात आणि १८७७ साली बेल्जममधल्या अँटवर्पमध्ये जाणकार जमले आणि त्यांनी या तत्त्वाचे नियम बांधले. 'यॉर्क-अँटवर्प नियम' म्हणून ते जगभर चालतात. त्यांची ताजी आवृत्ती २०१६ ची आहे. आपल्याकडच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही जनरल ॲव्हरेजचे कलम आहे.

हिशेब समजायला अवघड नाही. समजा, बोटीची किंमत चार कोटी आणि तिच्यावरच्या सगळ्या मालाची सहा कोटी. एकूण दहा कोटी. सर्वांना वाचवण्यासाठी मुद्दाम केलेले नुकसान आणि खर्च मिळून पन्नास लाख. म्हणजे शेकडा पाच. ज्याचा दोन लाखांचा माल धड राहिला, त्याने दहा हजार भरायचे. आणि ज्याचा दोन लाखांचा माल सर्वांसाठी बळी गेला, त्याला दोन लाख मिळायचे, पण त्यातूनही त्याच्या वाट्याचे दहा हजार वजा. वाचलेला आणि गमावलेला, दोघेही शेवटी सारखेच बसतात. बोटीचा मालकही त्याच पंगतीत. एका छपराखाली आलेल्या परक्या माणसांची ही भागीदारी आहे; कोणी कोणाला पाहिलेले नसते, पण संकट एक असते.

हे सारे कागदावर गोड दिसते. गोदीत ते कसे दिसते, ते मी १९९० च्या फेब्रुवारीत पाहिले.

पूर्व आफ्रिकेहून एक जुनी मालवाहू बोट आली होती. दुसऱ्या क्रमांकाच्या खणात घायपाताच्या वाखाच्या गाठी आणि तिसऱ्यात कच्च्या काजूची पोती. मुंबई दोन दिवसांवर असताना वाखाने पेट घेतला. कप्तानाने बंब सुरू करून त्या खणात समुद्राचे पाणी सोडले. आग विझली, बोट बंदराला लागली, कप्तानाने नोटरीपुढे जाऊन घडलेल्या हकीकतीची रीतसर नोंद केली आणि बोटीच्या मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केले.

या हिशेबात एक खाच आहे. जी गाठ आगीने जळली, तिला या सामायिक भरपाईतून काही मिळत नाही. आग कोणी मुद्दाम लावलेली नव्हती, तो त्या गाठीच्या मालकाचा दैवयोग. त्याने आपल्या विम्याकडे पाहावे. पण तिच्या शेजारची, न पेटलेली गाठ बंबाच्या पाण्याने भिजली, तर ती मात्र सर्वांसाठी भिजली. तिची भरपाई सर्वांनी करायची. एकाच खणात, हातभर अंतरावर, दोन गाठींचे नशीब असे निराळे होते. म्हणूनच 'कशाने बिघडले' या प्रश्नाला एवढी किंमत.

आमचे वरिष्ठ एक पारशी गृहस्थ होते. उमेदीत बोटींवर काम केलेले आणि बोलायला फटकळ. खणाची झाकणे उघडली तेव्हा ते आणि मी शिडीने खाली उतरलो. वाखाच्या खणात काय झाले ते आंधळ्यालाही दिसले असते. पण तिसऱ्या खणातली वरच्या थरातली १४० पोतीही ओली होती, काहींवर बुरशी धरली होती. जहाजवाल्यांच्या बाजूने आलेले गृहस्थ म्हणाले, "बंबाचे पाणी डेकवरून झाकणाच्या फटीतून इकडेही उतरले. हीसुद्धा जनरल ॲव्हरेजमध्येच घ्या."

वरिष्ठांनी मान वर केली, मग खाली केली, पुन्हा वर केली. पोत्यांवरचे ओले पट्टे डोक्यावरच्या लोखंडी तुळयांच्या बरोबर खाली, ओळीने होते. झाकणाच्या फटीखालची पोती मात्र कोरडी. त्यांनी मला खूण केली. मी पिशवीतून सिल्व्हर नायट्रेटची बाटली काढली.

हा आमच्या धंद्यातला जुना उपाय. ओल्या डागावर या द्रावणाचा थेंब टाकला, की पाणी समुद्राचे असेल तर पांढरा, दुधासारखा साका दिसतो. गोडे असेल तर थेंब जसाच्या तसा राहतो. पोत्याच्या तागात स्वतःचाच काही क्षार असला तर फसगत होऊ नये, म्हणून कोरड्या पोत्यावरही एक थेंब टाकून पाहायचा. शेजारच्या खणातल्या वाखावर थेंब टाकला. तो दुधाळ झाला. काजूच्या पोत्यावर टाकला, स्वच्छ. दहा पोती पाहिली. दहाही स्वच्छ.

"दीकरा," वरिष्ठ म्हणाले, "कागद खोटा बोलेल, माणूस खोटा बोलेल. पाणी खोटा बोलणार नाय."

तो बोटीचा घाम होता. उष्ण प्रदेशात भरलेला माल ऊब आणि ओल धरून असतो. बोट उत्तरेकडे थंड वाऱ्यात आली, की डेकचे लोखंड गार पडते आणि खणातली दमट हवा त्याला लागून तिचे थेंब होतात; डाळीच्या पातेल्यावरच्या ताटाला खालून पाणी सुटते ना, तसे. म्हणून खणाचे झरोके वेळोवेळी उघडून हवा खेळती ठेवावी लागते. आम्ही बोटीची नोंदवही मागवली. तिसऱ्या खणाचे झरोके बंदर सोडल्यापासून मिटलेलेच होते. आग लागण्याच्या कितीतरी आधीपासून.

पोती होती वेंगुर्ल्याकडच्या एका लहान काजू कारखानदाराची. पन्नाशीचे गृहस्थ, धोतर नेसलेले, हातात छत्री आणि कागदांची कापडी पिशवी. थोडे घरचे, थोडे बँकेचे असे पैसे घालून त्यांनी पहिल्यांदाच परदेशी माल मागवला होता. आम्ही विम्याचा कागद मागितला. त्यांनी सगळी पिशवी उलटी केली. त्यांचा सौदा 'सी अँड एफ' होता. म्हणजे मालाची किंमत आणि बोटीचे भाडे धरून, विमा घेणाऱ्याने स्वतः उतरवायचा. भाडे दिले म्हणजे सगळे दिले, अशी त्यांची समजूत. विमा उतरवलेला असता, तर विमा कंपनीने एक हमीपत्र लिहून दिले असते आणि माल सुटला असता. तो नव्हता, तेव्हा जनरल ॲव्हरेजची अनामत रोख भरल्याशिवाय एकही पोते हलणार नव्हते, अगदी कोरडेही.

"माजो माल भिजलो आणि वर पैसे पण मीयाच भरूचे?" ते म्हणाले. "ह्यो खंयचो न्याय, साहेबानू?"

मला उत्तर देता आले नाही.

त्याच संध्याकाळी जहाजवाल्यांच्या बाजूचे ते गृहस्थ मला फोर्टातल्या एका इराण्याकडे घेऊन गेले. पाकीट वगैरे काही नाही. माणूस सभ्य होता. चहा सांगून म्हणाला, "एका ओळीचा प्रश्न आहे. 'घाम' ऐवजी 'बंबाचे पाणी' लिहा. त्या गरीब माणसाला १४० पोत्यांची भरपाई मिळेल. कोणाचे वाईट होत नाही. आणि आमची कामे वरचेवर निघतच असतात."

मी तेव्हा तिशीत होतो आणि खरे सांगायचे तर पुढच्या कामांचा मोह मला फारसा झाला नाही. मोह झाला तो पहिल्या वाक्याचा. त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. रात्रभर मनाशी वाद घातला आणि सकाळी वरिष्ठांपुढे जाऊन चाचरत म्हणालो, "साहेब, लिहिले तर काय बिघडेल?"

ते रागावले नाहीत. त्यांनी टेबलावरची मालाची यादी माझ्याकडे सरकवली. "किती नावं आहेत, मोज."

मी मोजली. ६२ होती.

"त्याला भरपाई मिळेल ती आकाशातून पडेल काय? या बासष्ट लोकांच्या खिशातून जाईल. जा, एकेकाला विचारून ये. सगळे हो म्हणाले, तर मी स्वतः लिहिते."

मी यादी वाचत गेलो. भायखळ्याचा एक दोरवाला. ब्रश बनवणारी एक सहकारी संस्था. मशीद बंदरचे दोन लवंगवाले. यांतल्या कितींनी विमा उतरवला होता, देव जाणे. मग मला आणखी एक गोष्ट उशिरा का होईना, उमगली. झरोके बंद ठेवले ही चूक बोटीची. पाणी बंबाचे ठरले, की ती चूक पुसली जाणार आणि तिची किंमत बासष्टजणांत वाटली जाणार होती. त्या सभ्य माणसाला काजूवाल्यांचा कळवळा का आला, तेही कळले.

मी 'घाम' असेच लिहिले. खाली नेहमीप्रमाणे 'कोणाच्याही हक्काला बाध न येता' हे शब्द घातले आणि सही केली.

काजूवाले माझ्यावर संतापले. त्यांच्या दृष्टीने मी शत्रूचा माणूस होतो. त्यात ते ओल्या पोत्यांना कोणाला हात लावू देईनात. हात लागला तर पुरावा जाईल, अशी कोणीतरी समजूत करून दिली होती. अशाने किती माल नासतो, याची गणती नाही. विम्याच्या कायद्यात एक शहाणपणाचे सूत्र आहे : विमा असला तरी, तो नसता तर शहाणा माणूस जे करील, तेच करावे. इथे तर विमा खरोखरच नव्हता! मी त्यांना हात जोडून समजावले. पोती मोजली, फोटो काढले, दोन्ही बाजूंसमोर नमुने मोहोरबंद केले. अनामतीचे पैसे त्यांनी एका नातेवाइकाकडून उसने आणून भरले. मग माल बाहेर काढून फेब्रुवारीच्या उन्हात पसरला. १४० पैकी १०० पोती वाळून वाचली, २५ पडत्या भावाने गेली, १५ टाकावी लागली.

राहिली नुकसानीची बाब. त्या बोटीच्या बिल ऑफ लेडिंगला १९२४ चे हेग नियम लागू होते. वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना तीन दिवसांत द्यायची आणि दावा लावायचा तर एका वर्षात. सूचना आम्ही पहिल्याच दिवशी लिहवून घेतली होती. काजूवाल्यांनी एक वकील गाठला. वकिलाने मागितला तो कागद म्हणजे माझाच अहवाल! 'घाम' हा शब्द आणि झरोक्यांची नोंद, एवढ्यावर बोटीची चूक उभी राहिली. बंबाचे पाणी लिहिले असते, तर तो दरवाजा मीच बंद केला असता. अकराव्या महिन्यात जहाजवाल्यांनी दावा होण्याआधीच तडजोड केली. नुकसानीच्या निम्म्याहून थोडी अधिक रक्कम मिळाली. जनरल ॲव्हरेजचा हिशेब व्हायला तीन वर्षे लागली आणि अनामतीतली उरलेली रक्कम परत आली. पूर्ण न्याय झाला असे मी म्हणणार नाही. उसन्या पैशाचे व्याज कोणी भरून दिले नाही, आणि विम्याचा हप्ता त्या व्याजापेक्षा पुष्कळच कमी पडला असता.

आता बोटी अवाढव्य झाल्या आहेत, पण हिशेब तोच. २०१८ च्या मार्चमध्ये अरबी समुद्रात 'मर्स्क होनाम' या बोटीला आग लागून पाच खलाशांचा बळी गेला. वाचलेला माल सोडवायला मालाच्या किमतीवर बचावखर्चापोटी ४२.५ टक्के आणि जनरल ॲव्हरेजपोटी ११.५ टक्के, म्हणजे एकंदर ५४ टक्क्यांची हमी मागितली गेली. ज्याचा विमा नव्हता, त्याने स्वतःच्याच धड मालासाठी निम्म्याहून अधिक पैसे आधी मोजायचे! २३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' अडकली, तिच्यावरचे २५ खलाशी भारतीयच होते. ना आग, ना बुडणे. सहा दिवसांनी ती सुटली. तरी १ एप्रिलला जनरल ॲव्हरेज जाहीर झाले. कालव्याच्या भरपाईचा वाद मिटेपर्यंत, म्हणजे ७ जुलैपर्यंत, बोट सुमारे १८,३०० कंटेनरांसह इजिप्तमध्ये अडकून पडली होती. त्या कंटेनरांत कोणाकोणाचे संसार आणि कोणाकोणाची पहिली मागवण असेल, कोण जाणे.

पुतण्याला मी विचारले, "सामान पाठवताना विमा उतरवला होतास का?" तो म्हणाला, "वाहतूकवाल्यांनी कसलासा कागद दिला होता खरा." सूनबाईंनी तो शोधून काढला, मुलीच्या शाळेच्या दाखल्यांच्या फायलीत होता. विमा कंपनीला पत्र गेले, तिने हमीपत्र लिहिले आणि सामान घरी आले. चिनी मातीच्या दोन बश्या मात्र फुटल्या होत्या. सूनबाईंनी विचारले, "या जनरल ॲव्हरेजमध्ये येतात का हो, काका?" मी बश्या हातात घेऊन पाहिल्या. खोक्यात कागद कमी घातला होता. मी सत्य तेच सांगितले, आणि पुतण्याने माझ्याकडे रागाने पाहिले. सामानाची बांधाबांध त्याची होती.

वेंगुर्ल्याच्या गृहस्थांची शेवटची गोष्ट सांगायची राहिली. तडजोडीचे पैसे मिळाल्यावर पहिल्याच दिवाळीला ऑफिसात माझ्या नावाने पाच किलो काजूगर आले. मी वरिष्ठांकडे पाहिले. ते म्हणाले, "चांगला दिसते. किंमत विचारून मनिऑर्डर कर." मी केली. काजूवाल्यांना राग आला असावा. पंधरा दिवस उत्तर नव्हते. मग रीतसर छापील बिल आले, तिकीट लावून सही केलेले. खाली शाईने एक ओळ लिहिली होती : 'माल कोरडा. खात्री करून घ्यावी.'

पुढे ते होते तोवर दर दिवाळीला आमच्या घरचे काजू त्यांच्याकडूनच येत. पैसे देऊन.